राजीखुशीने, अक्कलहुशारीने

आपल्याकडच्या दस्ताच्या अखेरीस एक ठरीव मजकूर असतो : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले. जे दस्ताबाहेर तपासून ठरवायचे, ते दस्तातच आधी कबूल करून घेतलेले असते. दडपणाखाली सही करणाराही हेच लिहून देतो. त्याच्याकडून तर ते आवर्जून लिहून घेतले जाते. सही हा संमतीचा पुरावा आहे. तिलाच संमती मानले, तर करारकायद्याचा पाया निसटतो, असे माझे म्हणणे आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याची मांडणीही याच बाजूची आहे. एकाने प्रस्ताव ठेवावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, दोहोंमध्ये मोबदला असावा; मग कलम 10 विचारते, संमती खुली होती का, पक्ष करार करण्यास सक्षम होते का, मोबदला आणि उद्देश कायदेशीर होते का. कागदाची सक्ती सर्वसाधारणपणे नाही, तोंडी करारही करारच. कलम 13 तर सांगते की, एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला, तरच ती संमती. कागदावर एवढा कमी आणि मनोमन जुळण्यावर एवढा जास्त भार टाकणारा हा कायदा आहे.

हे जुळणे नेमके कधी आणि कुठे होते, याचा खल न्यायालयांनी बारकाईने केला आहे. 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या भगवानदास केडिया प्रकरणात अहमदाबाद आणि खामगावच्या व्यापाऱ्यांत सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर झाला होता. होकार खामगावात उच्चारला गेला, अहमदाबादेत ऐकला गेला. मग करार कुठे झाला? जिथे होकार ऐकू आला तिथे, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. वाद मोलाचा होता. पण भाव समजणारे, नको असेल तर फोन ठेवून देऊ शकणारे दोन व्यापारी त्यात गृहीत होते.

दख्खनच्या शेतकऱ्याला ती मोकळीक नव्हती. करार कायदा लागू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती, तोच 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा पेटला आणि आसपासच्या गावांत पसरला. सावकारांकडचे कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळणे, हा दंगेखोरांचा मुख्य हेतू होता. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतलेला कागद न्यायालयात बिनतोड ठरत होता. म्हणूनच 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा मला करारकायद्याच्या इतिहासातले महत्त्वाचे पान वाटते. त्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासायला सांगितले. शिवाय शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, वाचून दाखवला जावा, अशी तजवीज केली. दस्त समजणे हा करार घडण्याचाच एक टप्पा झाला.

यावर जुना आक्षेप असा, की सही पक्की मानली नाही, तर व्यापार आणि कर्जपुरवठा आखडतो. आक्षेप पोकळ नाही. या कायद्यानंतर सावकार गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. तो आडमार्ग रोखायला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पण यातून दिसते ते एवढेच, की वरचढ पक्ष कागदाचे रूप बदलू शकतो. कागद आणखी पवित्र मानल्याने त्याला आळा बसणार नाही. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो : सज्ञान माणसाला सहीची जबाबदारी नको का? हवी, आणि म्हणूनच मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून कायदा करार मोडत नाही. मात्र संमती खुली होती का हे ठरवताना तो अपुरेपणा विचारात घेता येतो, असे कलम 25 च्या स्पष्टीकरणात आहे. 1899 च्या दुरुस्तीनंतर कलम 16 आणखी पुढे जाते : एक पक्ष दुसऱ्याच्या मनावर हुकूमत गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार वरवर पाहताच अन्यायकारक असेल, तर दबाव नव्हता हे त्या वरचढ पक्षानेच सिद्ध करायचे.

आज मोबाइलवर ‘मी सहमत आहे’ दाबणाऱ्याला शब्द बदलून मागता येत नाही, आणि कर्जाच्या अटी कित्येकदा त्याच्या भाषेतही नसतात. 1986 च्या ब्रोजोनाथ गांगुली निकालाने नोकरीतल्या अशा लादलेल्या अटी रद्द ठरवल्या, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करारा’विरुद्ध राज्य आणि राष्ट्रीय आयोगांची दारे उघडली. पण हे उपाय करार झाल्यानंतरचे. दाद मागायची उस्तवार ग्राहकाच्याच माथी. ग्राहकावर भुर्दंड टाकणारे कलम त्याच्या भाषेत, सहीआधी, वेगळे काढून समजावले होते, हे मसुदा लिहिणाऱ्याने सिद्ध करावे, आणि ते जमले नाही तर ते कलम करारात आलेच नाही असे मानावे. बाकीचा करार खुशाल टिको. 1879 साली एका गावच्या निबंधकाकडून जे काम अपेक्षिले गेले, ते आजच्या बँकेला आणि विमा कंपनीला झेपणार नाही, असे मला वाटत नाही.