पेट्रोलचे पैसे

सेवा करणाऱ्याने खर्चाचे पैसे घेतले, तर ती सेवा राहते का? प्रश्न जुनाच आहे. पण त्याची सर्वांत नेमकी मांडणी मला सापडली ती विमानांच्या नियमांत.

अमेरिकेत ‘एंजल फ्लाइट वेस्ट’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक वैमानिक लांबच्या गावांतल्या रुग्णांना छोट्या विमानातून मोठ्या रुग्णालयापर्यंत फुकट नेतात. सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमानही तासाला तीसेक लिटर इंधन पितं. खाजगी परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही. आपल्याकडेही येत नाही. तिथे तर प्रवाशांबरोबर खर्च वाटून घेतला, तरी वैमानिकाला आपला समान वाटा भरावाच लागतो. मग संस्थेने त्याचा सगळा इंधनखर्च दिला, तर तो मोबदला झाला का? २०१२ साली तिथल्या कायद्याने उत्तर दिलं: वैद्यकीय कारणासाठीच्या अशा उड्डाणाचा इंधनखर्च स्वयंसेवी संस्थेने द्यायला हरकत नाही. मात्र हे धर्मादाय उड्डाण आहे, व्यावसायिक विमानसेवेचे सगळे नियम त्याला लागू नाहीत, हे प्रवाशाला सांगितलं पाहिजे.

मी घणसोली गावात राहतो. इथे कुणाच्या दारात विमान नाही, पण प्रश्न हाच आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं तर लोकलने आधी ठाणे, तिथे जिने चढून-उतरून दुसरी गाडी, पुन्हा गर्दी. केमो घेतलेल्या माणसाला हे झेपत नाही. मग गल्लीत ज्याच्याकडे गाडी आहे, त्याला हाक जाते. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे चार लिटर पेट्रोल, चारशेच्या वर रुपये. २०२४च्या ऑक्टोबरपासून ऐरोली-वाशीचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाला, तेवढाच दिलासा.

मीही काही फेऱ्या केल्या आहेत. पैसे नको म्हटल्यावर शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “पेट्रोलचे तरी घे, नाहीतर पुढच्या वेळी मी तुला हाक मारणार नाही.” त्यांच्या बोलण्यात उपकार फेडण्याची घाई नव्हती. मला वाटतं, त्या पुन्हा मदत मागण्याचा आपला हक्क जपत होत्या. नकार देऊन मी मोठा झालो असतो आणि त्या पुढच्या केमोला लोकलने गेल्या असत्या.

निःस्वार्थाची कडक परंपरा आपल्याकडे आहेच. जिथे कीर्तन करायचं तिथलं अन्नही घेऊ नये, अशी अट तुकोबांनी कीर्तनकाराला घातली. त्यामागचं कारण मला पटतं: ज्याचं पोट श्रोत्यांवर अवलंबून, तो श्रोत्यांना आवडेल तेच बोलेल. म्हणजे अट आहे ती निर्णय विकला जाऊ नये यासाठी. वैमानिकाचंही तसंच. प्रत्येक फेरीमागे चार पैसे सुटू लागले, तर ढगाळ हवेत ‘आज नको’ म्हणणं त्याला जड जाईल. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, त्यामागेही अशीच काळजी आहे: भाडं घेतलं की प्रवाशाला वेगळ्या दर्जाच्या सुरक्षिततेचा हक्क मिळतो.

पण खर्च भरून मिळणं आणि कमाई होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांच्या विक्रीला बंदी घातली. त्याच कायद्याने ‘मोबदला’ या शब्दाच्या व्याख्येतून अवयव काढण्याचा, नेण्याचा, जतन करण्याचा खर्च आणि दात्याची बुडालेली कमाईसुद्धा वगळली. इतक्या नाजूक दानातही दात्याने पदरमोड केलीच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही.

माझी कसोटी साधी आहे. एक फेरी जास्त केल्याने माणसाच्या खिशात सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त पैसे असतील, तर तो धंदा. तेवढेच असतील, तर ती सेवा. आणि कमी झालेच पाहिजेत, असा हट्ट धरला, तर सेवा फक्त ज्याला परवडते त्याचीच राहील. दुसऱ्याची गाडी मागून आणणारा, महिना वीस हजारांवर राबणारा पोरगा मनाने तयार असूनही मागे राहील.

एक पेच मात्र उरतो. पैसे रुग्णानेच दिले, तर ज्याच्याकडे चारशे रुपये नाहीत तो हाकच मारणार नाही. म्हणून पैसे तिसऱ्या खिशातून यावेत, ही त्या अमेरिकी कायद्यातली गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. आपल्या गावात गोकुळाष्टमीला, नवरात्राला वर्गणी निघते. तिच्यातला थोडा भाग पेट्रोलसाठी बाजूला ठेवला, फेऱ्यांची वही मंडळाच्या टेबलावर सर्वांना दिसेल अशी ठेवली, तर देणारा आणि घेणारा दोघंही मोकळे होतील. काकूंसारख्यांनी त्यात हवे तेव्हा, हवे तेवढे टाकावेत. कुणी किती टाकले, हे मात्र वहीत लिहू नये.

गाडी चालवणाऱ्याचा बुडालेला दिवस, रुग्णालयाच्या आवारातली सहा तासांची वाट, परतीच्या वाटेवर उलटी आली तर थांबवलेली गाडी, यातलं काहीच त्या वहीत येणार नाही. त्याने दिलं आहे ते हे. पेट्रोल तर पंपाचंच होतं.