घर सोडणाऱ्याचं घर

मॉस्कोच्या दक्षिणेला, तूळा शहराजवळ लेखक टॉलस्टॉयची इस्टेट आहे, यास्नाया पोल्याना. तिथे टॉलस्टॉयची निजायची खोली बघताना आमच्या टूरमधले एक गृहस्थ म्हणाले, "केवढं हे वैराग्य!" लोखंडी पलंग, तोंड धुवायचं भांडं, व्यायामाचे डंबेल्स, साधा सदरा. वैराग्य होतं, यात शंका नाही. मला मात्र प्रश्न पडला, त्या पलंगावरची चादर कोण बदलत असेल?

मी वारकऱ्यांच्या घरात सून म्हणून आले. आषाढीला सासरे दिंडीबरोबर निघाले की पेरणी, दोन म्हशी आणि सावकाराचा माणूस हे सगळं सासूबाईंच्या वाट्याला यायचं. सासऱ्यांची भक्ती खरी होती, त्याबद्दल मी बोलत नाही. सासूबाईंच्या त्या महिन्याला भक्तीच्या हिशेबात कुणी धरलं नाही, एवढंच म्हणते.

टॉलस्टॉयचा जन्म 1828 सालचा, याच इस्टेटीवर, एका चामडी सोफ्यावर झालेला. सोफा आजही दाखवतात. ज्या मोठ्या घरात ते जन्मले ते मात्र उरलेलं नाही. 1854 मध्ये ते विकलं, मोडून दुसरीकडे नेलं, आणि तो पैसा तरुण टॉलस्टॉयनी पत्त्यांत घालवला. आपण ज्याला टॉलस्टॉयचं घर म्हणून हात जोडतो, ती बाजूची वास्तू. पुढे हाच माणूस म्हणू लागला की मालकी हेच पाप. 1901 मध्ये चर्चने त्यांना बाहेर काढलं. त्याआधी, 1892 मध्ये, त्यांनी मालमत्ता सोडली होती. पण गेली कुणाकडे? बायकोमुलांकडे. म्हणजे पाप आपल्या नावावरून घरच्यांच्या नावावर चढलं.

देहूच्या कथेत तुकोबांनी कर्जखतांची वाटणी केली. भाऊ कान्होबाचे कागद कान्होबाला दिले, आपले इंद्रायणीत सोडले. दुसऱ्याचा वाटा त्यांनी बुडवला नाही, हे मला फार मोठं वाटतं. बायको जिजाईचा वाटा कोणता, हे मात्र कथा विचारत नाही. एकनाथांनी घरच सोडलं नाही, म्हणून पैठणला त्यांच्या वाड्यात उभं राहिल्यावर हा प्रश्न माझ्या मनात येत नाही.

टॉलस्टॉयच्या बायकोने, सोफियाबाईंनी, तेरा मुलांना जन्म दिला, 'युद्ध आणि शांती'ची हस्तलिखितं पुन्हापुन्हा उतरवून काढली, आणि इस्टेटीचे हिशेब ठेवले. त्या शांत बाई होत्या, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या रोजनिश्यांत आदळआपट पुष्कळ आहे. नोव्हेंबर 1910 मध्ये ब्याऐंशी वर्षांचे टॉलस्टॉय रात्री घर सोडून निघाले आणि दहा दिवसांनी अस्तापोवो स्टेशनवर, स्टेशनमास्तरच्या घरात वारले. ते शुद्धीवर असेपर्यंत बायकोला आत येऊ दिलं नाही. शुद्ध हरपल्यावरच ती त्यांच्यापाशी पोचली. नंतर तिनेच त्यांची खोली जशी होती तशी राखली. म्हणजे ज्या घराला ते कंटाळले, ते आज आपल्याला दिसतं ते ज्यांना टाकून ते गेले त्या बाईमुळे. टॉलस्टॉयची कबर रानात आहे, क्रूस नाही, दगड नाही. ती गावाकडच्या चर्चपाशी, सासरच्या माणसांत पुरलेली.

मग त्याग खोटा का? मला तसं वाटत नाही. पण तो एकट्याचा नव्हता, आणि पुराही त्यांच्या हातून झाला नाही. जमीन शेतकऱ्यांना द्यावी ही त्यांची इच्छा धाकटी मुलगी अलेक्झांड्राने पुरी केली, 1913 मध्ये. तिने ती आई आणि भावांकडून रीतसर विकत घेतली आणि गावाला देऊन टाकली. पैसे कुठून आले? वडिलांचं मरणोत्तर लेखन छापून. ज्या लेखनाचा मोबदला घेणं त्यांना पटत नव्हतं, त्याचेच ते पैसे.