विजयाचे स्वामित्व

ज्या पुरुषाने आयुष्याचा उत्तरार्ध लोकांच्या कारभारात घालविला, ज्याच्या शब्दाने रस्ते झाले, नळ आले आणि गरजूंचे अर्ज दप्तराच्या तळातून वर निघाले, त्याच्याविरुद्ध उमेदवारीचा अर्ज भरणे हा अधर्म आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे राजकारणाचा म्हणून क्वचितच विचारला जातो. तो विचारला जातो तो घरातील वडीलधाऱ्यांच्या सुरात. "इतकी वर्षे त्यांनी तुमचे केले, आता त्यांच्यापुढे उभा राहायला निघालास?" असे चार जाणती माणसे तरुण उमेदवाराला म्हणतात, तेव्हा ती त्याला पक्षनिष्ठा शिकवीत नसतात, ऋण, कृतज्ञता आणि मर्यादा यांचा हिशेब मागत असतात. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तरही धर्मविचाराच्याच भूमीवर शोधले पाहिजे.

अशा आव्हानाचे एक ठळक उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. काँग्रेसचे स. का. पाटील १९५२, १९५७ आणि १९६२ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत दक्षिण मुंबईतून लोकसभेवर गेले. त्यापूर्वी तीन वेळा ते मुंबईचे महापौर होते, आणि पुढे केंद्रात अन्न, रेल्वे अशी वजनदार खाती त्यांनी सांभाळली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत चौपाटीवरील सभेत त्यांनी मराठी माणसाचा रोष ओढवून घेतला, 'सदोबा' या नावाने त्यांची यथेच्छ टिंगल झाली. तरीसुद्धा १९५७ च्या वादळात, संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचे भलेभले गड पाडले असता, हा गृहस्थ आपल्या जागी अढळ राहिला. अशा माणसासमोर १९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाच्या वतीने उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरचा हा मुलगा सोळाव्या वर्षी पाद्री होण्यासाठी बंगळूरच्या धर्मविद्यालयात गेला होता. तेथे गुरुजनांच्या मेजावरचे अन्न निराळे आणि विद्यार्थ्यांच्या ताटातले निराळे, हे पाहून त्याचे मन विटले आणि तो बाहेर पडला. मुंबईत त्याने चौपाटीच्या बाकावर रात्री काढल्या, गोदी कामगारांत काम केले आणि अखेर महापालिकेत जागा मिळविली. लोकसभेचा अर्ज भरण्यास पाचशे रुपयांची अनामत पुरे होती. बाकी सर्व पारडे पाटलांच्या बाजूचे.

त्या निवडणुकीची एक हकीकत सांगितली जाते. आपला पराभव प्रत्यक्ष परमेश्वरही करू शकणार नाही, अशा अर्थाचे उद्गार पाटलांच्या तोंडून निघाले, आणि प्रतिपक्षाने ते तत्काळ उचलून भिंतीभिंतींवर लावले, की देवाला जे शक्य नाही ते, मतदारहो, तुम्हाला शक्य आहे. पाटील पडले. ही हकीकत लोक चातुर्याचा मासला म्हणून सांगतात. मला मात्र त्यात वेदान्ताचा एक जुना प्रश्न दडलेला दिसतो.

केनोपनिषदात अशी कथा आहे की, ब्रह्माच्या सामर्थ्याने देवांना विजय मिळाला, आणि देव समजू लागले की हा विजय आमचाच, हा महिमा आमचाच. तेव्हा त्यांच्यासमोर एक यक्ष प्रकट झाला. त्याने अग्नीपुढे गवताची एक काडी टाकून ती जाळण्यास सांगितले, आणि सर्व पृथ्वी जाळण्याची प्रौढी मिरविणाऱ्या अग्नीला ती जाळता आली नाही. वायूला ती जागची हलविता आली नाही. या कथेत देव दुष्ट नाहीत, आळशी नाहीत, नालायकही नाहीत. अग्नी खरोखरच जाळतो, वायू खरोखरच वाहतो. त्यांची चूक एवढीच, की ज्याच्या बळावर ते जाळीत आणि वाहत होते त्याचा त्यांना विसर पडला. दीर्घकाळ निवडून येणाऱ्या लोकप्रतिनिधीची चूकही बहुधा याच जातीची असते. त्याने कामे केलेली असतात, त्याची योग्यता खरी असते, आणि नेमकी ती खरी असल्यामुळेच त्याला असे वाटू लागते की ही जागा माझ्या वहिवाटीची आहे. जमिनीच्या कायद्यात दुसऱ्याच्या मालकीवर उघडपणे बारा वर्षे कबजा राहिला तर मूळ मालकाचा दावा बुडतो. पाटलांचा कबजा तर पंधरा वर्षांचा होता! परंतु घटनेने लोकसभेला पाच वर्षांची मुदत घातली, ती या वहिवाटीची मुळेच रुजू नयेत म्हणून. वंशपरंपरेचा मिरासदार आणि तात्पुरता कसणारा उपरी हा शेतजमिनीतील जुना भेद ज्यांना ठाऊक असेल त्यांना सांगावयास नको, की लोकशाहीत प्रत्येक प्रतिनिधी हा उपरीच असतो.

मात्र त्या भित्तिपत्रकातील युक्तिवादही मला पूर्णपणे पटत नाही. देवाच्या रिकाम्या सिंहासनावर मतदाराला बसविणे हे प्रचाराला शोभले तरी विचाराला शोभत नाही. ज्या मतदारांनी १९६७ साली पाटलांना पाडले, त्यांनीच, किंवा त्यांच्या वडिलांनी, आधी तीनदा त्यांना निवडले होते. तेव्हा ते चुकले आणि आता सर्वज्ञ झाले, असे म्हणणे हा बहुमताचा नवा मूर्तिपूजक पंथ होय. मतदार हा त्या कथेतील यक्ष नव्हे. फार तर ती गवताची काडी होय, जी त्या काळी एका सकाळी पडद्यामागे उभी राहून कागदावर शिक्का मारीत असे, कागद दुमडीत असे आणि कोणाच्याही प्रतापाने जळत नसे.

आता आव्हान देणाऱ्याच्या धर्माविषयी. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये सज्ज झाली असता युधिष्ठिराने कवच उतरविले, शस्त्र खाली ठेवले आणि रथातून उतरून, हात जोडून, एक शब्दही न बोलता तो शत्रुसैन्याकडे चालू लागला. भाऊ गोंधळले, कौरवांचे सैनिक म्हणाले, भ्याला. तो थेट भीष्मांपाशी गेला, दोन्ही हातांनी त्याने त्यांचे पाय धरले आणि त्यांच्याशीच युद्ध करण्याची अनुज्ञा मागितली. भीष्म संतुष्ट झाले. तू असा आला नसतास तर मी तुला शाप दिला असता, असे ते म्हणाले. कृतज्ञता आणि विरोध ही एकाच हृदयात नांदू शकतात, हे या प्रसंगाइतके निःसंदिग्धपणे दुसरीकडे कोठे सांगितलेले मला आठवत नाही. त्यातही विलक्षण भाग पुढचा आहे. तुम्हाला जिंकावे कसे, असे युधिष्ठिराने विचारताच पितामह उत्तरले की, रणांगणात मला जिंकील असा पुरुष, साक्षात इंद्रसुद्धा, मला दिसत नाही. पाटलांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या उद्गारांहून हे उद्गार फारसे वेगळे नाहीत; पण भीष्मांनी लगेच त्याला पुन्हा कधीतरी येण्यास सांगितले, आणि युद्धाच्या नवव्या रात्री तो आला तेव्हा स्वतःच्या पतनाचा उपाय स्वतःच्या मुखाने सांगितला. आपल्या अजिंक्यतेची किल्ली प्रतिपक्षाच्या हाती देणारा माणूस अहंकारी नव्हे. आपल्या आमदार-खासदारांपैकी किती जणांना ही नववी रात्र साधली आहे, याची मोजदाद वाचकांनीच करावी.

पाटील १९६७ च्या पराभवानंतर गुजरातेतील बनासकांठ्यातून पोटनिवडणूक लढवून पुन्हा लोकसभेत आले. म्हणजे सभागृह सुटले नाही, सुटली ती मुंबई. फर्नांडिसांनाही पुढच्याच खेपेस, १९७१ साली, दक्षिण मुंबईने नाकारले. १९७७ साली ते तुरुंगात असताना बिहारमधील मुझफ्फरपूरने त्यांना प्रचंड मताधिक्याने निवडून दिले. त्याच मुझफ्फरपुरात २००९ साली, ते विद्यमान खासदार असताना, वय आणि प्रकृती यांमुळे पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. तेव्हा हा एकेकाळचा आव्हानवीर स्वतःची जागा राखण्यासाठी अपक्ष म्हणून उभा राहिला आणि पडला. त्या मतदारांना कृतघ्न म्हणणारे लोक मला भेटले आहेत. बेड्यांतील उमेदवारावर १९७७ साली त्या गावाने उधळलेला विश्वास हे त्याचे दान होते. त्यातून आजन्म हक्क कसा निष्पन्न होतो, हे त्यांच्यापैकी कोणालाही मला सांगता आलेले नाही.