गादीवरचा पेला

सुखाची मीमांसा करावयाची ती आत्मा, इंद्रिये आणि विषय यांच्या अनुषंगाने. गादीच्या पोटातील स्प्रिंगांच्या अनुषंगाने कोणी ती करू लागल्यास वाचक हसतील, हे आम्ही जाणून आहो. तथापि गेल्या महिन्यात काशीमीऱ्यास एका गाळ्यात जे पाहिले, त्याने सुखाविषयीच्या आमच्या कल्पनेस असा काही हिसका बसला, की तो वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची वीस वर्षांची गादी मध्यभागी खचली होती. घोडबंदरचा रस्ता जेथे अहमदाबादच्या महामार्गास मिळतो, त्या नाक्याच्या मागे गाद्या करणारे एक गृहस्थ आहेत. दुकानात शिवून बंद केलेली गादी विकत घेण्यापेक्षा ती होताना पाहावी, या हेतूने आम्ही पत्नीसह तेथे गेलो. लहानपणी पिंजारी अंगणात येऊन बसे, त्याच्या धनुकलीची तार घुमे आणि कापूस किती, सरकी किती, हे घरातील पोरासोरांनाही दिसे. आताच्या गादीचे अंतरंग म्हणजे विक्रेत्याच्या सचोटीवर ठेवलेला निव्वळ विश्वास होय.

त्या गृहस्थांनी सर्व काही उघडे करून दाखविले. पोलादी तारेचे भेंडोळे यंत्राच्या एका तोंडात शिरते आणि दुसऱ्या तोंडातून वेटोळी होऊन बाहेर पडते. बॉनेल म्हणून जो जुना प्रकार आहे, त्याची स्प्रिंग डमरूच्या आकाराची, कमरेत बारीक असते. घोडागाडीच्या बैठकीतून ती गादीत आली. तिची टोके गाठ मारून बंद करतात, ताण निघून जावा म्हणून तिला तापवितात, आणि मग एक नागमोडी बारीक तार ओळीओळींतून फिरवून सर्व स्प्रिंगा एकमेकींस जखडून टाकतात. दुसरा प्रकार पॉकेट स्प्रिंगांचा. १९०० च्या सुमारास कॅनडातील जेम्स मार्शल याने ही युक्ती काढली. यात प्रत्येक स्प्रिंग थोडी दाबून कापडाच्या स्वतंत्र पिशवीत कोंडतात व पिशव्या शेजारी शेजारी चिकटवितात. पिशवीस पिशवी लागलेली असते. पोलादास पोलाद कोठेच लागत नाही.

स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात ती उलट रेटते, हा रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आम्ही शाळेत पाठ केला होता. परंतु तो रेटा तारेच्या जाडीवर किती विलक्षण अवलंबून असतो, हे आम्हांस त्या गाळ्यात प्रथम उमगले. तार दुप्पट जाड केली की स्प्रिंग सोळापट कडक होते. वेटोळे दुप्पट रुंद केले की तिचा कडकपणा अष्टमांशावर येतो. १.८ मिलिमीटरच्या जागी २.२ मिलिमीटरची तार घातली, तर डोळ्यास भेद न दिसता तीच स्प्रिंग दुपटीहून अधिक कठीण होते. डमरूच्या आकाराचे मर्मही हेच. वरची रुंद वेटोळी आधी नमतात, कमरेची अरुंद वेटोळी मागाहून विरोध करू लागतात. देहास सुख वाटते ते केवळ मऊपणाने नव्हे. निव्वळ मऊ गादीत कंबर बुडते आणि पाठीचा कणा वाकतो. कोणीतरी मापाने विरोध करावा लागतो.

असो. मुख्य गोष्ट पुढेच आहे. त्या गृहस्थांनी बॉनेलच्या गादीवर एका बाजूस पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या बाजूस मुठीने प्रहार केला. पाणी हिंदकळून चादरीवर सांडले. मग तोच पेला पॉकेटच्या गादीवर ठेवून तसाच प्रहार केला. पाणी जवळजवळ निश्चल राहिले. “प्रोफेसरसाहेब, याला म्हणतात आराम,” ते म्हणाले, “एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही.”

हे वाक्य आम्हांस टोचले. शेजारच्याचा पत्ता न लागणे हीच का आरामाची व्याख्या? आम्ही भावंडे एका सतरंजीवर ओळीने निजत असू. कोणाचा पाय कोणाच्या पोटावर, कोणास ताप चढला तर शेजारच्यास तो आधी कळे. जुन्या गादीवर पत्नी रात्री अस्वस्थ झाली की तिचा थरकाप तारेतारेतून आमच्यापर्यंत पोहोचे व आम्ही जागे होऊ. ही नागमोडी तार म्हणजेच संसार, असे एक सुभाषितवजा वाक्यही आमच्या मनात तयार झाले. शिवाय व्यवहाराची बाजूही तिकडेच झुकत होती. बॉनेलची किंमत कमी. आणि गादी निकामी झाली की पोलादाचा सांगाडा सहज सुटा होऊन भट्टीत जातो. पॉकेटची प्रत्येक स्प्रिंग कापडातून सोडवीत बसावे लागते. जे एकमेकींस बांधलेले ते सुटते आणि जे वेगळे ठेवलेले ते सुटत नाही, हा विरोधाभास पाहून आम्हांस तर मोठा आनंद झाला. बॉनेलच घ्यावयाची, असा निर्णय आम्ही रिक्षात बसता बसता जाहीर केला.

पत्नी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, चार वर्षं माझा गुडघा दुखतो आहे. तुमची झोप मोडेल म्हणून मी रात्ररात्र एका कुशीवर ओंडक्यासारखी पडून असते. आणि तुम्ही जागे व्हायचात म्हणता, ते खरं, ‘काय गं?’ म्हणायचात आणि मी उत्तर देईपर्यंत घोरायला लागायचात.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. ज्या तारेस आम्ही सहवेदनेची तार समजत होतो, तिनेच आमच्याजवळच्या माणसास चार वर्षे हलू दिले नव्हते. तारेतून पोहोचलेला धक्का ही करुणा नव्हे, तो केवळ पदार्थविज्ञानाचा नियम आहे. तिच्या शेजारी आमच्या जागी एखादा पेला असता, तरी तोही तितकाच हिंदकळला असता. खरी विचारपूस जाग आल्यानंतर सुरू व्हावयाची होती, आणि तेथे तर आम्ही घोरत होतो. एकत्र बांधलेल्या कुटुंबपद्धतीचे आमच्या पिढीने जे गोडवे गायिले, त्यांतही असे किती ओंडके रात्रभर निमूट पडून राहिले असतील, हा विचार त्या दिवसापासून आमचा पाठलाग करीत आहे. उलटपक्षी, पिशव्यांत बसलेल्या माणसांस एकमेकांची खबर लागावयाची कशी, ही आमची पहिली शंकाही निमाली आहे असे नाही. ती आता तारेच्या गळ्यात बांधता येत नाही, इतकेच.

आम्ही पॉकेटचीच गादी घेतली. घेताना एक अट घातली, की गुडघा दुखू लागल्यास तिने आम्हांस हाक मारावी. तिने मान डोलावली. गादी येऊन आज तीन आठवडे झाले. ती मोकळेपणाने कूस बदलते, असे सकाळी चादरीवरून दिसते. हाक तिने अद्याप एकदाही मारलेली नाही. दुखणे कमी झाले म्हणून, की हाक मारणे तिच्या स्वभावातच नाही म्हणून, हे आम्हांस कळत नाही. रात्री दोनच्या सुमारास आम्हांस जुन्या सवयीने जाग येते. गादी निश्चल असते, आणि ती झोपली आहे की जागी आहे, हे कळण्यासाठी आम्हांस उठून दिवा लावावा लागतो.