नॉमिनीची सावली

बँकेत वय वाढलं की मान वाढतो. काम वाढलंच पाहिजे असं नाही. बागांचंही तसंच. मलबार हिलवर रस्त्याच्या एका बाजूला हँगिंग गार्डन, जन्म १८८१. समोर कमला नेहरू पार्क, जन्म १९५२. पहिली झाली 'वारसा'. दुसरी? 'ती हो, म्हातारीच्या बुटाची!' म्हणजे पदरी म्हातारी असूनही वय कमीच पडलं.

वास्तविक तो बूट, त्या पायवाटा, खाली चौपाटी दिसेल अशी मोकळी सोडलेली जागा, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर आखलेलं असतं. पण इमारतीला आर्किटेक्ट असतो आणि बागेला फक्त माळी, असा आपला समज!

बी. कॉम.ला मला एकच गोष्ट नीट कळली : घसारा. इमारत उद्घाटनाला पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवसापासून तिची किंमत उतरते. बागेचं उलट. उद्घाटनाला रोप काठीएवढं. पाहुण्यांना सावली मांडवाची. झाडाची सावली पडेपर्यंत आखणारा रिटायर. अशी मुदत ठेव आपण 'सुशोभीकरणा'साठी मुदतीआधीच मोडतो.

'शंभरी भरू दे, मग जपू,' म्हणतात. अहो, जपल्याशिवाय शंभरी भरणार कशी?

ठेवीदार गेला की नॉमिनी ऐटीत काउंटरवर येतो. त्याला समजावावं लागतं, 'साहेब, तुम्ही मालक नव्हे. रक्कम वारसांसाठी सांभाळायची.' या बागांचे आपण सगळे नॉमिनीच. वारस तिकडे बुटाच्या जिन्यात धक्काबुक्की करताहेत.