आधी हे शिकून या

विद्यापीठाच्या दारात आलेल्या विद्यार्थ्याला 'आधी हे शिकून या, मग प्रवेश देऊ' असे सांगण्याचा अधिकार कुणाला असतो, आणि तो कुठपर्यंत असतो? वरवर पाहता हा नियमांचा प्रश्न आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो. कारण या एका वाक्याने शिकणाऱ्याच्या आयुष्यातले सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे मागितली जातात. मागणारी संस्था बलवान असते आणि देणारा एकटा असतो. अशा वेळी मागणी रास्त आहे की नाही, हे तपासायलाच हवे.

पूर्वतयारीची गरज नाकारण्यात अर्थ नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमची मुले दहावीपर्यंत तवानाई, कुव्वत, बर्की रौ, जियाई तालीफ या शब्दांतून विज्ञान समजून घेतात. अकरावीत तीच गोष्ट एनर्जी, फोर्स, करंट, फोटोसिंथेसिस या नावांनी समोर येते. मराठी माध्यमाच्या मुलांच्या ऊर्जा, बल, विद्युतधारेचेही हेच होते. ज्ञान तेच असते, पण ओळख पटत नाही. जूनमध्ये वर्गात पुढे बसणारी मुलगी दिवाळीपर्यंत स्वतःला ढ समजू लागते. तिला दार उघडून दिले म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येत नाही. दार उघडे आहे, पण पायरी नाही, अशी ती अवस्था असते. चार-सहा आठवड्यांचा ब्रिज कोर्स तिथे खरोखर आधार ठरतो.

क्रमाने शिकण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. लखनौच्या फिरंगी महलमधील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्स-ए-निजामी हा अठराव्या शतकातला अभ्यासक्रम अशाच पायऱ्यांनी बांधलेला आहे. अरबीचे सर्फ आणि नह्व म्हणजे व्याकरण आल्याशिवाय पुढची किताब उघडत नाहीत. नवशिक्यापुढे एकदम अवघड मजकूर ठेवला तर तो विद्येलाच कंटाळतो, हे इब्न खल्दून यांनी १३७७ साली पूर्ण केलेल्या 'मुकद्दमा'मध्ये मांडले आहे.

पण त्याच ग्रंथात ते आणखी एक गोष्ट सांगतात, आणि तिच्याकडे आपले कमी लक्ष गेले आहे. त्यांनी विद्यांचे दोन प्रकार केले. काही विद्या स्वतःच साध्य असतात, तर व्याकरण, तर्क यांसारख्या काही विद्या साध्याकडे नेणारी साधने असतात. साधनविद्येत गरजेपेक्षा जास्त काळ अडकवून ठेवले, तर माणसाचे आयुष्य हत्यारांना धार लावण्यातच संपते आणि काम तसेच राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. सहा शतकांपूर्वीचा हा विचार आजच्या 'प्रीरिक्विझिट' नावाच्या अटीला तंतोतंत लागू पडतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. तिथे १९६० च्या मास्टर प्लॅनने उच्च शिक्षणाची तीन स्तरांची रचना ठरवली. गरीब घरातली, नोकरी करणारी, उशिरा शिकायला आलेली मुले कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतात, ठरलेले विषय पूर्ण करतात आणि मग राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात. योजना उदार होती. पण प्रवेशाच्या वेळी एक चाचणी असे. त्या चाचणीत गणित किंवा इंग्रजी कच्चे निघाले की विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसवत. एक वर्ग झाला की दुसरा, मग तिसरा. या वर्गांचे श्रेयांक विद्यापीठात जाताना धरले जात नसत. फी मात्र जात असे आणि वर्षेही जात. अनेक जण विद्यापीठात चालणाऱ्या गणिताच्या पहिल्या तासाला पोहोचण्यापूर्वीच शिक्षण सोडून गेले. शेवटी २०१७ साली एबी ७०५ हा कायदा झाला. शाळेतले गुण विचारात घ्यावेत, विद्यार्थ्याला शक्यतो वर्षभरात विद्यापीठ-पातळीचे इंग्रजी आणि गणित पूर्ण करता यावे, आणि थेट वर्गात बसल्यास तो यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असल्याशिवाय त्याला मागे बसवू नये, असे बंधन कॉलेजांवर आले. अनेक कॉलेजांनी मग मुख्य विषय आणि त्याचा आधारवर्ग एकाच वेळी सुरू केले. थेट बसवलेली काही मुले नापास होतात, अशी तक्रार तिथले काही शिक्षक करतात. ती खोटी नाही. पण नापास होणाऱ्याला निदान कळते की आपण काय करू शकलो नाही. बाहेरच थांबवलेल्याला तेही कळत नाही.

आता आपल्याकडे पाहू. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ साली मदरशांतून आलेल्या फाजिल-आलिम विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. मदरशाच्या सनदेवर काही विद्यापीठांत प्रवेश आधीही मिळत होता, पण तो बहुतेक वेळा अरबी, उर्दू, इस्लामिक स्टडीज अशा ठरावीक विषयांपुरता. इंग्रजी आणि आधुनिक विषयांची ओळख करून घेऊन इतर शाखांकडे वळण्याची वाट या वर्षाने दाखवली.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप आले तर नवल नाही. सात-आठ वर्षे व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह शिकलेल्या तरुणाला 'तू अजून तयार नाहीस' म्हणणे हा अपमान नव्हे का? मला वाटते, तो अपमान आहे की नाही हे त्या वर्षात काय घडते यावर ठरते. त्याच्याजवळ जे नाही ते देणे ही मदत आहे. त्याच्याजवळ जे आहे ते शून्य धरणे हा अपमान आहे. मन्तिक शिकलेल्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्राचा पहिला धडा पुन्हा गिरवायला लावण्यात शहाणपण नाही. पुलावरून दोन्ही बाजूंची माणसे ये-जा करतात. विद्यापीठालाही या विद्यार्थ्यांकडून काही घेता आले पाहिजे.

मोडलेल्या शिक्षणाचाही विचार व्हायला हवा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आणि इग्नूने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचे छोटे अभ्यासक्रम ठेवले होते. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांसाठी ती पदवीकडे जाणारी एक वाट होती. तिथे अट होती, पण अट घालणाऱ्यानेच शिकवण्याची जबाबदारीही घेतली होती.

हे सारे पाहता, पूर्वतयारीची मागणी न्याय्य ठरण्यासाठी तीन कसोट्या मला आवश्यक वाटतात. पहिली, जे शिकायला सांगितले ते पुढच्या विषयाला खरोखर लागते का? रसायनशास्त्र न शिकलेला डॉक्टर आपल्यापैकी कुणालाच नको असतो. तिथे अट रोग्याच्या जिवासाठी आहे. पण केवळ गर्दी कमी करण्यासाठी घातलेली अट ही चाळणी असते, तयारी नव्हे. दुसरी, जो अट घालतो तो शिकवतो का? 'शिकून या' म्हणून दार लावून घेणे आणि 'या, शिकवतो' म्हणणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरी, दिलेला काळ मर्यादित आहे का, आणि तो पुढे मोजला जातो का? २०२१ पासून आपल्या देशात श्रेयांक जमा ठेवण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची व्यवस्था आली आहे. तयारीचे वर्षही तिथे जमा झाले, तर ते वाया गेले असे म्हणायची वेळ येणार नाही.

कारण वर्षाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. सुखवस्तू घरात एक जादा वर्ष म्हणजे थोडा उशीर. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाच्या घरात ते एक वर्षाची मजुरी असते. मुलीच्या बाबतीत त्या वर्षात स्थळ येते आणि पुस्तके माळ्यावर जातात. कागदावर अट सर्वांना एकच असते, पण तिचे ओझे ज्याचे खांदे आधीच वाकलेले आहेत त्याच्यावर अधिक पडते.

म्हणून सगळे विद्यापीठावर सोडून चालणार नाही. दहावीच्या परीक्षेनंतरचे अडीच-तीन महिने उर्दू शाळांच्या हाती असतात. त्या काळात विज्ञान-गणिताच्या संज्ञा इंग्रजीतून ओळखीच्या करून देता येतात. त्याला खडू, फळा आणि एक वर्गखोली पुरते. मदरशांच्या व्यवस्थापकांना शेवटच्या दोन वर्षांत इंग्रजीचा एक तास ठेवता येईल. जे काम आपण मुलाचे वर्ष न घेता करू शकतो, त्यासाठी त्याचे वर्ष खर्ची घालू नये. आणि जिथे वर्ष घेणे भागच आहे, तिथे घेणाऱ्याने त्याचा हिशेब द्यावा.