नागपूरहून काठमांडूला

अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महिनाभरातच ते नेपाळला निघाले. मधुमेहाने शरीर पोखरलेले, चालणेही कष्टाचे. तरी जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्यांनी काठमांडू गाठलेच.

तिथे २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. शोषण आणि दारिद्र्य संपावे, हे दोघांचेही ध्येय. वाटा मात्र वेगळ्या. बळाने लादलेली समता बळ ओसरल्यावर टिकेल का, हा त्यांचा प्रश्न होता. मन पालटले तर माणूस ती आपणहून पाळतो, ही बुद्धाची वाट त्यांना टिकाऊ वाटली.

पण मने पालटेपर्यंत भुकेल्याने थांबायचे का?

हा आक्षेप हलका नाही. मनुष्याच्या अंतःकरणावर विसंबून कायदा सोडून द्यावा, असे मात्र संविधानाचा मसुदा घडवणाऱ्या बाबासाहेबांनी कधीच मानले नाही.

याच दौऱ्यात ते बुद्धाच्या जन्मस्थळी, लुंबिनीलाही गेले. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, गावाचा बली हा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरले आहे. कलिंगाच्या युद्धात रक्त सांडवणाऱ्या सम्राटाचे पालटलेले मन इथे थेट शेतकऱ्याच्या साऱ्यात उतरले. आणि ते उतरवायला राजाज्ञाच लागली.